घरातली यंत्रं : गाडी मंगळवारीच का रुसते?



मिक्सर, इस्त्री, गिझर आणि शिवणयंत्र यांच्या तक्रारी या पानावर नेहमी येतात. या खेपेला मात्र एक वेगळंच पत्र आलं. सोलापूरच्या नव्या पेठेत राहणाऱ्या एका भगिनीचं. खाली दुकान, वर घर. यजमान दुकान बघतात आणि या बाई घर, मुलं आणि आजारी सासूबाई असं सगळं सांभाळतात. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस असतं. त्यांना इस्पितळात घेऊन जायचं काम यांचंच. गाडी स्वतः चालवतात.

त्या लिहितात, "ताई, आमची गाडी गेलं वर्षभर मंगळवारी सकाळी सुरूच होत नाही. सेल्फ मारला की नुसती टक् टक् करते. शुक्रवारी मात्र मुकाट सुरू होते. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. घरात सगळे म्हणतात, बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. सासऱ्यांनी बोनेटला लिंबू-मिरची बांधली. मागच्या महिन्यात एका मंगळवारी रिक्षा मिळेपर्यंत इतका उशीर झाला, की आमची वेळ दुसऱ्या पेशंटला दिली गेली. सासूबाईंना संध्याकाळपर्यंत ताटकळावं लागलं. पाय सुजले होते, दम लागत होता. माझ्या चालवण्यात खरंच काही चुकतं का?"

पत्र वाचून वाटलं, हे उत्तर एकटीला पाठवून भागायचं नाही. कारण हल्ली पुष्कळ घरांत गाडी आहे, आणि ती सुरू न होण्याचं खापर बहुधा चालवणारीच्या माथी फुटतं. तेव्हा आज जरा सविस्तर बोलू या.

पहिली गोष्ट अशी, की मंगळवारचा आणि नजरेचा काही संबंध नाही. पण मंगळवार ही खूण मात्र फार मोलाची आहे, बरं का! यंत्र जेव्हा ठरावीक दिवशीच बिघडतं, तेव्हा त्या दिवसाच्या आधी काय घडतं ते बघायचं असतं. म्हणून मी त्यांना उलट टपाली दोनच प्रश्न विचारले. गाडी आठवड्यात कोणत्या दिवशी किती चालते? आणि गाडी घेतल्यानंतर तिच्यात विजेवर चालणारं काय काय बसवून घेतलं?

उत्तर आलं ते असं. बुधवारी यजमान वसुलीसाठी पंढरपूर नाही तर बार्शीला जातात, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर. शुक्रवारी इस्पितळ, गावातल्या गावात. शनिवार, रविवार, सोमवार गाडी जागची हलत नाही. नव्या पेठेत एकदा जागा मिळाली की ती सोडवत नाही, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मग मंगळवारी पुन्हा इस्पितळ. आणि बसवून घेतलेल्या वस्तू? पुढच्या काचेवर कॅमेरा, मागे पाहण्याचा कॅमेरा, धुक्याचे जादा दिवे, गाण्यांसाठी ॲम्प्लिफायर, दोन मोबाइल चार्जर आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीभोवती लुकलुकणारी माळ. दिवाळीच्या खरेदीत एकदम सगळं बसवलं होतं. गाडीची तक्रार सुरू झाली ती त्यानंतरच.

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी

आता हे कसं जुळतं ते पाहू. सोलापूरच्या बायकांना पाण्याची टाकी समजावून सांगायला नको. चार-चार दिवसांआड पाणी येण्याची वर्षे आपण काढली आहेत. टाकी भरलेली असली तरी एखादा नळ रात्रंदिवस ठिबकत असेल, तर चौथ्या दिवशी सकाळी बादली भरत नाही. तेव्हा आपण टाकीला दोष देत नाही, आधी ठिबकणारा नळ शोधतो.

गाडीची बॅटरी ही तशीच टाकी. साध्या लहान गाडीत ती १२ व्होल्टची आणि साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे काय, तर एक अँपिअरचा नळ सोडला तर ती ३५ तास पुरेल. इंजिन चालू असताना अल्टरनेटर नावाचं छोटं जनित्र ही टाकी परत भरतं. इंजिन बंद झालं की भरणं थांबतं, पण खर्च पूर्ण थांबत नाही. घड्याळ, कुलपाची यंत्रणा आणि गाडीतला संगणक यांना थोडी वीज लागतेच. ती फार थोडी, सर्वसाधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत, म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग. एवढ्याने बॅटरी आठवडा-दोन आठवडे सहज तग धरते.

पण गाडी उभी असतानाही चित्रण करणारा कॅमेरा थेट बॅटरीला जोडला, तर तो एकटाच ०.३ अँपिअर खाऊ शकतो. आकडा चिमुकला दिसतो. पण दिवसाचे तास २४. ०.३ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास. आता किराणा मांडतो तसा हिशोब मांडा.

बुधवारी लांबचा प्रवास झाला, टाकी भरली : ३५. शुक्रवारपर्यंत दोन दिवसांचे १४.४ गेले, उरले २०.६. एवढ्यात गाडी सुरू होते. शुक्रवारी इस्पितळाला जाऊन-येऊन धरून आठ अँपिअर-तास परत मिळाले, झाले २८.६. पुढे शुक्रवार ते मंगळवार हे चार दिवस गाडी उभी. चार साते अठ्ठावीस, वर थोडं : २८.८ गेले. मंगळवारी सकाळी हाती काय राहिलं? शून्य!

हा हिशोब ढोबळ आहे, पण मंगळवारचं कोडं त्यात सुटतं. मी त्यांना लिहिलं, एक आठवडा कॅमेऱ्याची तार काढून ठेवा, बाकी काही बदलू नका. पुढच्या मंगळवारी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मग त्यांनी गाडी मेकॅनिककडे नेऊन मीटरवर मोजून घेतली. सगळं बंद करून, कुलूप लावून, अर्धा तास थांबल्यावर मीटर ३३० मिलिअँपिअर दाखवत होता. कॅमेऱ्याची तार काढताच तो ३० वर आला. तेव्हा चालवणारीचं काहीही चुकत नव्हतं, हे कागदावर आकड्यांत लिहून आलं. तो कागद त्यांनी घरी फ्रिजवर लावला आहे म्हणे!

बॅटरीवाल्याने दोनदा बॅटरी बदलली तो फसवत होता का, असंही त्यांनी विचारलं आहे. तसं म्हणता येणार नाही. गाडीची शिशाची बॅटरी पुनःपुन्हा पूर्ण रिकामी झाली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची साठवणूक खरोखरच कमी होते. त्यामुळे बॅटरी खराब झाली हे खरं. ती खराब का झाली, हा प्रश्न विचारायचा राहिला. तो आपण विचारायचा. भरीला आपल्याकडचा उन्हाळा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की बोनेटखाली त्याहून जास्त भट्टी असते, आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. थंड मुलखात बॅटऱ्या हिवाळ्यात दगा देतात, आपल्याकडे त्यांची हाडं उन्हाळ्यातच खिळखिळी होतात.

जोडणी कुठे केली?

गाडीची किल्ली फिरवताना मध्ये टप्पे असतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. पहिल्या टप्प्यावर रेडिओ आणि चार्जरचा सॉकेट सुरू होतो, दुसऱ्यावर डॅशबोर्डवरचे दिवे लागतात आणि शेवटच्या टप्प्यावर स्टार्टर फिरतो. यात कारखान्याने एक शहाणपणाची सोय केलेली असते. स्टार्टर फिरत असताना रेडिओ, पंखा यांसारख्या वस्तूंची वीज तेवढ्यापुरती तोडली जाते. कारण स्टार्टरला त्या दोन-तीन सेकंदांत शंभर-दीडशे अँपिअर, कधी त्याहून जास्त प्रवाह लागतो. स्वयंपाकघरात गिझर आणि इस्त्री एकदम लावली की दिवा मंदावतो ना, तोच प्रकार.

नंतर बसवलेल्या वस्तू जर थेट बॅटरीला जोडल्या, तर ही सोय निकामी होते. सेल्फ मारताना ॲम्प्लिफायर आणि जादा दिवे आपला वाटा ओढतच राहतात. २०० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात १६-१७ अँपिअर घेतो. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ६० वॅटचे धरले तर दोघे मिळून १० अँपिअर. बॅटरी नवी असेल तर हे खपून जातं. तीन वर्षांची असेल तर तेवढ्यानेही तिचा दाब खाली येतो आणि इंजिन हळूहळू गुर्र करून थांबतं. म्हणून साधा नियम लक्षात ठेवा : सेल्फ मारण्याआधी एसी, दिवे, गाणी, मागच्या काचेचा हीटर सगळं बंद. गाडी थांबवतानाही आधी हे बंद करायचं, मग इंजिन.

दिवे चालू राहिले तर किती वेळात बॅटरी उतरते, याचाही हिशोब सोपा आहे. १० अँपिअर गेले तर ३५ ची बॅटरी कागदोपत्री साडेतीन तास, आणि गाडी सुरू होण्याजोगी ती त्याच्या निम्म्या वेळातच राहत नाही. आतला १० वॅटचा एक दिवा रात्रभर राहिला तरी दहा-एक अँपिअर-तास गेले. मुलं मागच्या सीटवर पुस्तक वाचतात आणि दिवा तसाच ठेवतात, तिकडे लक्ष असू द्या.

चार्जरचंही असंच. काही गाड्यांत किल्ली काढली की सॉकेटची वीज जाते, काहींत जात नाही. तुमच्या गाडीचं कसं आहे ते आजच बघा. किल्ली काढा, गाडीला कुलूप लावा आणि दहा मिनिटांनी काचेतून डोकावा. चार्जरवरचा ठिपका उजळत असेल तर उतरताना तो उपसून ठेवायची सवय लावा. गणपतीबाप्पाची माळ फारच थोडी वीज खाते, पण तीही त्याच नियमात. बाप्पाला रात्री थोडी विश्रांती दिली तर ते रागावणार नाहीत.

आवाज ओळखा

मेकॅनिकला फोन करण्याआधी गाडी काय म्हणते ते ऐका. डॉक्टरकडे जाताना आपण ताप किती, उलट्या किती हे सांगतो ना, तसंच.

भराभर टक् टक् टक् असा आवाज आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांची पकड सैल आहे.

एकदाच ठळक टक् झालं आणि दिवे लखलखीत राहिले, तर स्टार्टरमध्ये दोष असण्याचा संभव जास्त.

इंजिन जोमाने फिरतं पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. पेट्रोल, ठिणगी किंवा किल्लीची भानगड बघायची.

काहीच आवाज नाही आणि किल्लीच्या चित्राचा छोटा दिवा लुकलुकतोय, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही.

शंका वाटली तर पुढचे दिवे लावून सेल्फ मारा आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड बघा. उजेड एकदम मरगळला तर दोष बॅटरीकडे. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि मेकॅनिकला हे सांगितलंत तर त्याचा तास वाचतो. तुमच्याशी बोलताना त्याचा सूरही बदलतो, हा वरचा फायदा.

किल्लीची भानगड

हल्लीच्या गाड्यांच्या किल्लीत एक चिमुकली चिप असते. कुलपाभोवतीच्या वेटोळ्याला ती आपली ओळख सांगते, ती पटली तरच इंजिन सुरू होतं. चोरी टाळण्याची ही युक्ती. पण आपण एकाच कडीत घराची, दुकानाची, कपाटाची, स्कूटरची आणि दुसऱ्या गाडीचीही किल्ली अडकवतो. दुसरी चिपवाली किल्ली किंवा धातूची मोठी कडी अगदी जवळ आली तर ओळख पटण्यात अडथळा येऊ शकतो. तेव्हा गाडीची किल्ली वेगळी ठेवा.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली पर्समध्येच राहते आणि रेडिओच्या लहरींनी गाडीशी बोलते. ती मोबाइल, चार्जर किंवा लॅपटॉप यांना चिकटून असली तर मध्ये गोंगाट होतो. स्वस्तातला, बिननावाचा चार्जर जास्त गोंगाट करतो. गाडी ‘किल्ली सापडत नाही’ म्हणू लागली तर आधी चार्जर उपसा, किल्ली पर्समधून बाहेर काढा आणि मोबाइलपासून दूर ठेवा. तरी नाही तर किल्लीतली नाण्यासारखी बॅटरी संपत आली असेल. पुष्कळ गाड्यांत अशा वेळी किल्लीच बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी सुरू होते. तुमच्या गाडीत काय करायचं ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून वाचणारी घरातली पहिली व्यक्ती तुम्ही व्हा.

विजेवर चालणारी गाडी असेल तर आपल्याला यातलं काही लागू नाही, असं समजू नका. त्या गाड्यांतही मोठ्या बॅटरीशिवाय १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी बहुतेक असतेच. संगणक, कुलपं आणि मोठ्या बॅटरीची जोडणी तिच्यावर चालते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

काही बसवून घेताना

नव्या वस्तू बसवूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. नव्या पेठेच्या गर्दीत गाडी मागे घेताना मागचा कॅमेरा किती उपयोगी पडतो ते मला ठाऊक आहे. पण बसवणाऱ्यासमोर उभं राहून पाच गोष्टी विचारा.

एक, तार कुठून घेतली? किल्ली बंद केल्यावर वस्तू बंद होते का, हे तिथेच करून बघा. दोन, फ्यूज लावला का आणि तो बॅटरीच्या जवळ आहे का? बिनफ्यूजची तार घासून उघडी पडली तर गाडी सुरू न होणं बाजूलाच, आग लागू शकते. तीन, जादा दिवे आणि मोठा हॉर्न यांना रिले लावला का? रिले नसेल तर सगळा प्रवाह मूळच्या नाजूक स्विचमधून जातो. चार, गाडीची मूळ तार कापली का? कापून, पीळ देऊन, चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पावसाळ्यात हमखास दगा देतो. शिवाय वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायरिंग छेडली तर कंपनी हात वर करू शकते. पाच, बिल द्या. त्यावर वस्तू, तारीख आणि कुठे जोडली ते लिहून घ्या.

एकानंतर एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न तर बसवूच नका. मोटार वाहन नियमांत त्याला मनाईच आहे, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या फुकट.

उभ्या गाडीत कॅमेरा चालू ठेवणं गरजेचंच असेल, तर बॅटरीचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की कॅमेरा आपोआप बंद करणारं उपकरण मिळतं, ते लावून घ्या. आमच्या पत्रलेखिकेने कॅमेरा किल्लीबरोबर बंद होणाऱ्या तारेवर घ्यायला सांगितलं. घराच्या खिडकीखालीच गाडी असते, रात्री चित्रण कशाला?

नव्या पेठेपासून मेकॅनिक चौक हाकेच्या अंतरावर, तेव्हा सोलापूरकरणींना माणूस शोधायला लांब जायला नको. मात्र "बॅटरी बघा" असं मोघम सांगू नका. "गाडी बंद असताना किती मिलिअँपिअर जातात ते मोजून द्या" असं सांगा. गाडी बंद केल्यावर आतले संगणक झोपी जायला वीस-तीस मिनिटं, कधी जास्तही लागतात. त्याआधी मोजलं तर आकडा खोटाच मोठा येतो. आकडा खरंच मोठा असेल, तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, चोर त्या वाटेवर आहे.

घरीही एक साधा मल्टिमीटर ठेवायला हरकत नाही. तो काही शे रुपयांत मिळतो आणि घरातले सेल तपासायलाही उपयोगी पडतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. १२.६ व्होल्ट म्हणजे टाकी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ किंवा खाली म्हणजे तळ दिसू लागला. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. ते दिसले नाहीत तर अल्टरनेटर टाकी भरत नाही असं समजा.

बांगड्या काढून ठेवा

बॅटरीला हात लावण्याआधी हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, मंगळसूत्र आत घ्या, पदर किंवा ओढणी खोचून घ्या. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण सोन्याची बांगडी दोन टोकांना एकदम टेकली तर ती क्षणात लालबुंद तापते आणि हात भाजतो. बॅटरीजवळ काडी, उदबत्ती, सिगारेट नको. तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो भडकतो.

टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर ती आम्लाची, नुसत्या हाताने पुसू नका. इंजिन आणि सगळं बंद करून आधी काळी, म्हणजे ऋण तार सोडवा, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा आणि बसवताना आधी लाल, मग काळी तार घट्ट आवळा. वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्या. बटणाच्या नव्या गाड्यांत मात्र तार सोडवण्याआधी मेकॅनिकला विचारा. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं किंवा बोअरचं पाणी नाही, फिल्टरचंही नाही.

अडल्या वेळी दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायची तर क्रम असा : लाल तारेचं एक टोक आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेवर, दुसरं चांगल्या बॅटरीच्या अधिकवर. मग काळ्या तारेचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणे खुणेवर आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली तर ती बॅटरीपाशी उडू नये, म्हणून हा क्रम. गाडी सुरू झाली की तारा उलट्या क्रमाने काढा आणि निदान अर्धा-पाऊण तास गाडी चालवा. जागेवर पाच मिनिटं घरघरवून बॅटरी भरत नाही. क्लचच्या गाडीला धक्का देऊन दुसऱ्या गिअरमध्ये सुरू करता येतं. ऑटोमॅटिकला येत नाही, उगीच चारचौघांना घामाघूम करू नका.

हा आपलाच विषय आहे

कुणी म्हणेल, बाईने एवढं कशाला शिकायचं? तर थोडा इतिहास ऐका. पूर्वी मोटारीचं इंजिन पुढून लोखंडी हँडल मारून फिरवावं लागे. इंजिन उलटा झटका देई आणि चांगल्या धडधाकट पुरुषांची मनगटं मोडत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला. तेव्हापासून गाडी सुरू करायला दंडातली ताकद लागेनाशी झाली, आणि बायकांना कुणाला हाक न मारता गाडी काढता येऊ लागली. आपल्याकडेही ॲम्बॅसॅडरच्या डिक्कीत हँडल असे ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. आणि देशात मोटारींचा कारखाना उभारणाऱ्या पहिल्या मंडळींतले वालचंद हिराचंद तर सोलापूरचेच. १८८२ साली त्यांचा जन्म इथला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि प्रीमियर पद्मिनी रस्त्यावर आल्या. तेव्हा सोलापूरच्या सुनेने बोनेट उघडलं, तर त्यात नवल करण्यासारखं काही नाही.

स्टार्टर आणि त्याला वीज देणारी बॅटरी, यांच्यामुळे गाडी आपल्या हाती आली. घरात आजारी माणूस असेल, लहान मूल असेल, रात्री-अपरात्री निघायची पाळी येत असेल, तर गाडीतलं गाणं चाललं नाही तरी चालेल, पण सेल्फ पहिल्या फटक्यात लागला पाहिजे. म्हणून या रविवारी एवढं करा : घरच्या गाडीत नंतर बसवलेल्या वस्तूंची यादी करा. प्रत्येकीपुढे ‘किल्लीबरोबर बंद होते’ किंवा ‘होत नाही’ असं लिहा. ‘होत नाही’च्या रकान्यात दोनपेक्षा जास्त नावं आली, तर गाडी सुरू होत असतानाच एकदा मीटरवर मोजून घ्या. आणि गाडी चार दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर मध्ये एकदा अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. अक्कलकोटचं दर्शनही होईल.

तुमच्या गाडीचा आकडा किती आला ते जरूर कळवा. पत्रात गाडी किती वर्षांची, बॅटरी किती अँपिअर-तासांची आणि आठवड्यात किती चालते हेही लिहा, म्हणजे हिशोब मांडायला सोपं जाईल.

पुढच्या अंकी : मिक्सरच्या भांड्याखालून काळं पाणी का गळतं, आणि ते घरच्या घरी कसं थांबवायचं.